जॉप्लिन, २२ मे २०११: इशारा वेळेत आला, मग २४ मिनिटं गेली कुठे?

जॉप्लिन हे मिझुरी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, सुमारे पन्नास हजार वस्तीचं गाव. एकेकाळी शिशाच्या आणि जस्ताच्या खाणींवर वाढलेलं. पश्चिमेला कॅन्ससची हद्द लागूनच आहे आणि ओक्लाहोमाही लांब नाही. २२ मे २०११ ला, रविवारी संध्याकाळी, या गावावरून टोर्नेडो गेला आणि १६१ माणसं दगावली. अमेरिकेत १९५० पासून टोर्नेडोंची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. एकाच टोर्नेडोने इतके बळी घेतल्याची दुसरी घटना त्या नोंदीत नाही. त्यासाठी मागे १९४७ पर्यंत, ओक्लाहोमातल्या वुडवर्ड गावापर्यंत जावं लागतं.

या घटनेचा अभ्यास पुष्कळ झाला. राष्ट्रीय हवामान सेवेने स्वतःच्या कामाची तपासणी काही आठवड्यांतच पुरी केली. ‘निस्ट’ या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने जवळजवळ तीन वर्षं तपास केला आणि मार्च २०१४ मध्ये अंतिम अहवाल दिला. दोन्ही अहवाल वाचताना एक गोष्ट मनाला फार लागते. हवामान खात्याचा इशारा वेळेत आला होता. टोर्नेडो जमिनीला टेकला त्याच्या १७ मिनिटं आधी, आणि गावाच्या दाट वस्तीत शिरला त्याच्या साधारण २४ मिनिटं आधी. त्या काळात देशाची सरासरी तेरा-चौदा मिनिटांची होती, म्हणजे जॉप्लिनकरांच्या हाती चार मिनिटं का होईना, जास्तच होती. ती मिनिटं कशात गेली हे नीट पाहिलं पाहिजे, कारण टोर्नेडोच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात ती आजही तशीच जाऊ शकतात.

दुपारी दीडचा ‘वॉच’

त्या दिवशी हवेत सगळं जमून आलं होतं. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट गरम हवा खाली, पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा तिच्यावर, आणि उंचीगणिक वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत जाणारा. अशा हवेत उभा राहणारा ढग स्वतःभोवती फिरू लागतो. त्याला सुपरसेल म्हणतात, आणि मोठे टोर्नेडो बहुतेक त्याच्याच पोटातून येतात.

ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या वादळ अंदाज केंद्राने दुपारी दीड वाजता ‘टोर्नेडो वॉच’ जाहीर केला. तो रात्री नऊपर्यंत लागू होता. वॉच म्हणजे एवढ्या मोठ्या भागात कुठेतरी टोर्नेडो होण्याजोगी हवा आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ वेगळी. ती स्थानिक कार्यालय देतं. फिरता ढग रडारवर दिसला किंवा कुणी डोळ्यांनी पाहिला, की तेवढ्या पट्ट्यापुरती ती निघते आणि तेव्हा आडोशाला जायचं असतं. मे महिन्यात या भागात वॉच इतके निघतात की लोक आपल्या कामाला लागलेले असतात. त्या दुपारी जॉप्लिनच्या हायस्कूलचा पदवीदान समारंभ होता. सुदैवाने तो शाळेत नव्हता, काही मैलांवरच्या मिझुरी सदर्न विद्यापीठाच्या सभागृहात होता. पाच वाजून गेल्यावर शेकडो मुलं आणि त्यांचे घरचे लोक गाड्या काढून परत निघाले. शाळेची इमारत अर्ध्या-पाऊण तासात उद्ध्वस्त झाली.

पाच नऊ ते पाच एक्केचाळीस

मुख्य घटना या बत्तीस मिनिटांतली आहे, म्हणून ती सावकाश पाहू.

५:०९ ला स्प्रिंगफील्डच्या हवामान कार्यालयाने पहिली वॉर्निंग काढली. ती जॅस्पर काउंटीच्या पश्चिम भागासाठी होती आणि तिच्यात जॉप्लिनचा फक्त ईशान्य कोपरा येत होता. २००७ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत वॉर्निंग संपूर्ण काउंटीला दिली जात नाही. अंदाजकार नकाशावर ढगाच्या वाटेपुरता बहुभुज आखतो आणि तेवढ्याच भागाला सावध करतो. उगाच शंभर गावं घाबरवायची नाहीत, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे.

पण भोंग्याला बहुभुज कळत नाही. अमेरिकेत भोंगे हवामान खातं वाजवत नाही, गावाचं किंवा काउंटीचं आपत्ती व्यवस्थापन वाजवतं. जॉप्लिनमध्ये ५:११ ला भोंगे वाजले, संपूर्ण गावात, तीन मिनिटं. मग थांबले. वाजवणाऱ्याला दोष देता येणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वादळ कॅन्ससमधून चालून येत होतं, त्याची वाट बदलू शकत होती, आणि थांबून खात्री करत बसणं त्या खुर्चीतल्या माणसाला परवडणारं नव्हतं. तरीही ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करा. तुम्ही गावाच्या दक्षिणेला राहता. भोंगा ऐकून टीव्ही लावता, तर पडद्यावर उत्तरेचा भाग रंगवलेला. बाहेर पाहता तर आभाळ काळं, वारा फारसा नाही. तीन मिनिटांत भोंगाही गप्प. पुष्कळांनी मनाशी म्हटलं असणार, गेलं एकदाचं उत्तरेकडून.

५:१७ ला दुसरी वॉर्निंग निघाली. हिच्यात जॅस्पर काउंटीचा नैर्ऋत्य भाग, न्यूटन काउंटीचा वायव्य भाग आणि पलीकडे कॅन्ससचा कोपरा आला, आणि जॉप्लिन तिच्या टप्प्यात होतं. जॉप्लिन हे या दोन काउंट्यांच्या सीमेवर पसरलेलं गाव आहे. म्हणजे एकाच गावाचे दोन भाग, दोन काउंट्यांची नावं, आठ मिनिटांत दोन वेगळे इशारे. आणि या दुसऱ्या, खऱ्या महत्त्वाच्या इशाऱ्याच्या वेळी भोंगा नव्याने वाजला नाही. मुळात पहिला भोंगाच नुकता वाजून गेला होता.

५:३४ ला टोर्नेडो गावाच्या नैर्ऋत्येला जमिनीला टेकला. ५:३८ ला भोंगे दुसऱ्यांदा वाजले. ५:४१ ला तो सेंट जॉन्स या नऊमजली रुग्णालयावर होता.

पहिल्या भोंग्यापासून धरलं तर अर्धा तास, दुसऱ्या भोंग्यापासून धरलं तर तीन मिनिटं. जो माणूस दुसरा भोंगा ऐकून उठला त्याच्याजवळ तीन मिनिटंच होती, कागदावर चोवीस असली तरी.

रडारला काय दिसत होतं

सगळ्यात जवळचं डॉप्लर रडार स्प्रिंगफील्डला, सुमारे शंभर किलोमीटरवर. रडारचा सर्वांत खालचा झोतही क्षितिजापासून अर्धा अंश वर असतो, त्यात पृथ्वीची वक्रता मिळवली की जॉप्लिनवर येईपर्यंत तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर वर पोचतो. अंदाजकाराला ढगाच्या आतलं फिरणं दिसतं, रडारकडे येणारा आणि दूर जाणारा वारा दाखवणाऱ्या हिरव्या-लाल रंगांची जोडी एकमेकांना चिकटून दिसते, पण जमिनीवर काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून तर स्पॉटर लागतात. हवामान खात्याने प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक, पोलीस, अग्निशमन दलाचे लोक गाड्या घेऊन मोक्याच्या जागी उभे राहतात आणि रेडिओवर कळवतात. एरवी मोकळ्या मैदानी मुलखात ही पद्धत छान चालते.

त्या संध्याकाळी ती फारशी चालली नाही, कारण हा टोर्नेडो पावसात लपेटलेला होता. चित्रांत दिसते तशी सोंड कुणाला दिसलीच नाही. दिसली ती पावसाची काळी भिंत. शिवाय तो फार झपाट्याने वाढला. जमिनीला टेकल्यापासून काही मिनिटांत त्याची रुंदी पाऊण ते एक मैल झाली आणि वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर गेला. टोर्नेडोची तीव्रता सांगणाऱ्या सुधारित फुजिता मापनात हीच सर्वांत वरची, पाचवी श्रेणी. गावावर पोचल्यावर रडारमध्ये एक गोळा उमटला. हवेत उडालेल्या छपरांवरून, फळ्यांवरून, पत्र्यांवरून परतलेला तो प्रतिध्वनी. टोर्नेडो जमिनीवर असल्याचा हा पक्का पुरावा. पण तो पडद्यावर उमटतो तेव्हा घरं पडायला लागलेली असतात.

आता दुहेरी ध्रुवीकरणाची, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारी रडारं आहेत आणि मोडतोडीचा हा खुणेचा ठिपका पुष्कळ स्वच्छ ओळखता येतो. २०११ मध्ये ती बसवण्याचं काम देशभर नुकतं कुठे सुरू झालं होतं.

माणसं काय करत होती

हवामान सेवेच्या पथकाने नंतर सुमारे शंभर लोकांशी बोलून हे समजून घेतलं. बहुतेकांनी पहिला इशारा मिळताच आसरा घेतला नाही. त्यांनी आधी खात्री करून घेतली. कुणी टीव्ही लावला, कुणी दारात येऊन आभाळ पाहिलं, कुणी नातेवाइकांना फोन केला. एक भोंगा पुरेसा नव्हता. काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं घडावं लागलं, तेव्हा ते हलले. दुसऱ्यांदा वाजलेला भोंगा अशी एक गोष्ट होती, कारण एरवी तो एकदाच वाजतो. दुसरी म्हणजे स्थानिक वाहिनीचं थेट प्रक्षेपण. टॉवरवरच्या कॅमेऱ्यात विजेच्या तारा तुटून निळे झोत उठताना दिसत होते आणि निवेदकांचा आवाज बदलला होता. आताच्या आता खाली जा, असं ते अक्षरशः ओरडून सांगत होते. आवाजातली ती घाई ऐकून लोक उठले. काहींना मात्र वाऱ्याचा घोंघाट कानावर आल्यावरच खरं वाटलं.

याला निष्काळजीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्या काळात देशभरातल्या दर चार टोर्नेडो वॉर्निंगपैकी साधारण तीन वेळा टोर्नेडो येत नसे. जॉप्लिनमध्ये भोंगे लोकांच्या अंगवळणी पडले होते. वादळं गावाला वळसा घालून जातात अशी एक समजूतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. लांडगा आला रे आला हे मुलांना सांगायच्या गोष्टीत ठीक आहे, पण तिथे ओरडणारा मुलगा खोटारडा असतो. इथे ओरडणारा प्रामाणिक होता, आणि ऐकणाराही शहाणाच. अनुभवाने त्याला थांबून बघायला शिकवलं होतं. संपूर्ण व्यवस्थेनेच त्याला तसं शिकवलं होतं, आणि त्या एका संध्याकाळी ते शिक्षण घातक ठरलं.

शिवाय भोंगा हे मुळात घराबाहेरच्या माणसांसाठीचं साधन आहे. बंद खिडक्या, चालू एसी, टीव्हीचा आवाज यांतून तो आत पोचेलच असं नाही. आणि पोचला तरी तो सांगतो काय? संकट आहे एवढंच. कुठलं, कुठून, किती वेळात, हे तो सांगू शकत नाही.

आसरा होता कुठे

आणखी एक अडचण होती. जो ताबडतोब उठला त्याला तरी जायला जागा कुठे होती? जॉप्लिनची जमीन खडकाळ. बहुतेक घरांना तळघरच नव्हतं. लोकांनी न्हाणीघरात, कपाटात, जिन्याखाली आसरा घेतला, शिकवल्याप्रमाणे योग्य तेच केलं, आणि काही ठिकाणी ती खोलीही उरली नाही. मेलेल्यांपैकी बहुसंख्य इमारतींच्या आत होते. होम डेपोच्या दुकानाच्या भिंती म्हणजे जागेवर ओतून उभ्या केलेल्या काँक्रीटच्या प्रचंड फरश्या होत्या. छत उडालं, आणि छताच्या आधाराने उभ्या असलेल्या त्या भिंती कोसळल्या. तिथे आठ जण गेले. आतून दणकट वाटणारी इमारत टोर्नेडोत दणकट असेलच असं नाही, हे त्या दुकानाने दाखवून दिलं.

सेंट जॉन्स रुग्णालयाची हकिगत मी थोडी अधिक सांगतो, कारण इशारा हाती आल्यावर मिनिटांचं काय करता येतं ते तिथे दिसतं. ‘कंडिशन ग्रे’ची घोषणा झाली. म्हणजे वादळ येतंय, रुग्णांना खिडक्यांपासून हलवा. परिचारिकांनी आणि सेवकांनी खाटा ओढून मधल्या बोळांत आणल्या, खोल्यांची दारं लावून घेतली, ज्यांना हलवणं शक्य नव्हतं त्यांच्यावर ब्लँकेटं घातली. थोड्याच वेळात खिडक्या फुटल्या. इमारतीचा सांगाडा उभा राहिला, पण वीज गेली, जनरेटरही निकामी झाले, आणि व्हेंटिलेटरवरचे काही रुग्ण वाचू शकले नाहीत. मग अंधारात, जिन्यांवरून, मिळेल त्या साधनाने १८३ रुग्णांना दीड तासात बाहेर काढलं गेलं. पिकअप ट्रकमधून माणसं जवळच्या फ्रीमन रुग्णालयात पोचवली. ज्या मजल्यांवर खाटा बोळात आणल्या होत्या तिथे काचांच्या माऱ्यातून किती जण वाचले असतील, याचा विचार केला तर त्या घोषणेचं मोल कळतं. तिथे टीव्ही लावून खात्री करायला कुणाला सवड नव्हती आणि तशी गरजही नव्हती, कारण घोषणा झाली की काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं.

एक बाजूची पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. जखमांत माती आणि लाकडाचे कण खोल घुसल्यामुळे पुढच्या दिवसांत १३ जणांना एका दुर्मीळ बुरशीचा संसर्ग झाला, त्यातले पाच दगावले. टोर्नेडोतल्या जखमा कशा धुवायच्या, किती दिवस नजर ठेवायची, याचा विचार डॉक्टर त्यानंतर अधिक काळजीने करू लागले.

नंतर काय बदललं

बरंच काही बदललं, आणि त्यातलं काही पायाभूत आहे.

एप्रिल २०१२ पासून कॅन्सस आणि मिझुरीतल्या पाच हवामान कार्यालयांनी, स्प्रिंगफील्डसह, इशाऱ्याची भाषाच बदलायचा प्रयोग सुरू केला. तोवर नेहमीचा टोर्नेडो आणि गाव उद्ध्वस्त करणारा टोर्नेडो यांच्या वॉर्निंगचा मजकूर जवळजवळ सारखाच असे. आता मजकुरातच धोक्याची पातळी येते. रडारवर फिरणं दिसतंय की टोर्नेडो प्रत्यक्ष पाहिला गेलाय, नुकसान कितपत होईल, फिरती घरं उरतील का, पक्क्या घरांचं काय होईल, हे स्पष्ट शब्दांत लिहिलं जातं. पुढे ही पद्धत देशभर लागू झाली. माझ्या मते जॉप्लिनचा सर्वांत मोठा धडा यात उतरला आहे. लोक खात्री शोधतातच, तर ती खात्री पहिल्याच संदेशात देऊन टाका, म्हणजे त्यांना दारात जाऊन आभाळ बघावं लागणार नाही.

त्याच वर्षी मोबाइलवर थेट येणारे आपत्कालीन संदेश सुरू झाले. कर्कश आवाज करून फोन थरथरतो आणि मजकूर पडद्यावर येतो. यासाठी नाव नोंदवावं लागत नाही, तुमचा फोन ज्या टॉवरच्या टप्प्यात असेल त्याला तो येतो. संपूर्ण गावाला एकच आवाज ऐकवणाऱ्या भोंग्याची उणीव यामुळे बरीच भरून निघते.

इमारतींचं काम सावकाश झालं, पण झालं. निस्टने १६ शिफारशी केल्या. त्याआधी अमेरिकेतल्या इमारत संहिता चक्रीवादळाचा आणि भूकंपाचा हिशेब धरत, टोर्नेडोचा धरत नसत, कारण तो फार क्वचित एका जागी येतो असं मानलं जाई. इमारतीने किती भार सोसला पाहिजे हे ठरवणाऱ्या, २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या मानकात टोर्नेडोच्या भारावर स्वतंत्र प्रकरण आलं. जॉप्लिनच्या नव्या हायस्कूलमध्ये आणि इतर शाळांत मजबूत आसराखोल्या बांधल्या गेल्या. रुग्णालय नव्या जागी, नव्या नावाने २०१५ मध्ये उघडलं. त्याच्या काचा आता वादळातल्या माऱ्याला तोंड देणाऱ्या आहेत आणि वीज-पाण्याची यंत्रणा वेगळी, सुरक्षित ठेवली आहे.

भोंग्यांचा प्रश्न मात्र देशभर अर्धवटच सुटलेला आहे. कुठे फक्त टोर्नेडोला वाजतात, कुठे जोराच्या वाऱ्यालाही, कुठे तीन मिनिटं, कुठे धोका असेपर्यंत थांबून थांबून. एका काउंटीतून दुसरीत राहायला गेलं की अर्थ बदलतो. एकसारखा नियम असावा अशी शिफारस निस्टने केली होती, आणि ती सगळीकडे अमलात आलेली नाही हे मला खटकतं.

आपल्या घरांपुरतं

कॅन्सस सिटी, सेंट लुईस, ओक्लाहोमा सिटी, डॅलस या भागांत मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. नव्याने आलेली बहुतेक भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि अशा संकुलांना तळघर क्वचितच असतं. त्यामुळे घर घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात भाडेकार्यालयात विचारून घ्या की वॉर्निंग आली तर इथे कुठे जायचं. उत्तर मिळालं नाही तर तळमजल्यावरचा, बाहेरची भिंत किंवा खिडकी नसलेला बोळ किंवा न्हाणीघर स्वतः शोधून ठेवा, आणि तळमजल्यावरच्या एखाद्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

मला जास्त काळजी वाटते ती उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-वडिलांची. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि दुपारी तीनला भोंगा वाजतो. त्यांच्या फोनमध्ये भारतातलं सिम असलं तर इथला संदेश त्यावर येईलच याची खात्री नसते. टीव्हीवर काउंटीची नावं सांगतात, आणि आपण कुठल्या काउंटीत राहतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून एका कागदावर ठळक मराठीत आपल्या काउंटीचं नाव, आजूबाजूच्या दोन गावांची नावं, शेजाऱ्याचा फोन आणि जायची जागा लिहून फ्रिजवर लावा. त्यांना इथला नंबर असलेला फोन द्या. ‘वॉर्निंग’ शब्द ऐकला की आम्हाला फोन करत बसू नका, आधी खाली जा, हे स्पष्ट सांगा, कारण काळजीपोटी ते आधी तुम्हालाच फोन लावतील. पायांत बूट घालून जायला सांगा, नंतर सगळीकडे काच आणि खिळे असतात. बहुतेक गावांत महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी भोंग्यांची चाचणी होते. तुमच्या गावातला तो दिवस शोधा, त्या दिवशी त्यांना भोंगा ऐकवा आणि त्यांच्या चालीने त्या जागेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघा. गुडघे दुखत असतील तर जिना उतरायलाच चार मिनिटं जातात, आणि मग त्यांच्यासाठी निघायची वेळ वॉर्निंग नसते, वॉच असते.